पंचवीसपैकी चौदा

महारुद्रनं हजेरीचं रजिस्टर विजयमालाच्या पुढं सरकवलं, स्टँपपॅडचं झाकण लावलं आणि आज ऊन जास्त आहे असं सांगावं तितक्या सहज तो म्हणाला, "मॅडम, तुमची ती राणी टीसी घेऊन गेली की परवा."

सहीच्या मध्यावर तिचं पेन थांबलं. "कोणती राणी?" तिनं विचारलं. कोणती ते तिला पुरतं ठाऊक होतं. विचारल्यामुळं फक्त थोडा वेळ मिळत होता.

"ती न्हाई का, ताडकळसची. बी.ए. सेकंड इयर. करिअर मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी राहिली आन् दोन मार्कानं गेली, ती." महारुद्र या कॉलेजात पंचवीस वर्षं कारकून होता आणि मुलांची नावं त्याला अशी त्यांच्या हरण्याजिंकण्यासकट पाठ असत. त्यानं टीसीचं पुस्तक उघडून स्थळप्रत तिच्याकडं वळवली. वर्तणूक, चांगली. सोडण्याचे कारण, कौटुंबिक. "बाप आलता संगं. उसाला चाललेत मने. पोरगी मनली, परीक्षा बाहेरून देते. समदेच मन्तेत तसं, देतंय कोन?"

तिनं उरलेली सही पूर्ण केली. अर्धी सही आधीची आणि अर्धी नंतरची. दोन वेगळ्या बायकांनी मिळून केल्यासारखी ती दिसत होती. मग खडू आणि डस्टर घेऊन ती तासाला गेली. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता आणि दरवर्षीसारखाच वर्ग विरला होता. कुणी उसाला, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे पळून आता खोलीवर झोपलेलं. ऐंशीपैकी एकोणीस जण बसले होते. विषय लोकप्रशासन, प्रकरण नेतृत्वाचं. तिनं फळ्यावर 'निर्णयक्षमता' असा शब्द लिहिला आणि पुढं काय बोलायचं ते गेली सहा वर्षं तोंडपाठ असूनही तिला आठवेना. नेता तो, जो अपुरी माहिती हाताशी असताना निर्णय घेतो आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी स्वीकारतो. हे वाक्य तिनं किती वह्यांत उतरवून दिलं होतं. आज ते तिच्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी खाली मान घालून भराभरा लिहीत होती, आणि विजयमालाला वाटलं, हिला थांबवावं, म्हणावं, बाई, हे लिहून घेऊ नकोस.

बारा वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच खाली मान घालून लिहायची. जिंतूरकडच्या माळावरून ती परभणीला शिकायला आली तेव्हा तिच्या अंगाला अजून मेंढरांचा वास येतो असं तिला वाटायचं, आणि वर्गात ती भिंतीकडच्या टोकाला बसायची, म्हणजे एका बाजूला तरी कुणी नसेल. मग एका सकाळी नोटीस लागली : ज्यांना आयुष्यात काहीतरी व्हायचे आहे त्यांनी शनिवारी अकरा वाजता सात नंबरच्या हॉलमध्ये यावे, विद्यार्थी करिअर मंडळ. ती त्या 'काहीतरी'वर भुलली. नोटिशीत कलेक्टर किंवा मास्तर असं काही लिहिलं असतं तर ती गेली नसती. हॉलमध्ये आवचार सर होते, लहान चणीचे, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. त्यांनी प्रत्येकाला बाहेर नेऊन लिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर उभं केलं आणि समोरच्या पाण्याच्या टाकीला आपलं नाव सांगायला लावलं. तिची पाळी आली तेव्हा तिला दुसरं काही सुचेना म्हणून तिनं माळाच्या पल्याडच्या उतारावर गेलेल्या मेंढरांना हाळी द्यावी तसा आवाज काढला. टाकीवरचे पारवे उडाले. पोरं हसली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हा आवाज कुठून आणलास गं? आता एवढंच शिक की हा कधी काढायचा नाही." मग वर्षभर त्यांनी तिला तेच शिकवलं. आवाज खाली घे, माईक आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघ. तीन मुद्दे सांग, चौथा सांगू नकोस. सभेआधी खुर्च्या स्वतः मोज. पाहुण्याचं आडनाव चुकवू नकोस. बैठकीत भांडण लागलं तर आधी सगळ्यात गप्प बसलेल्याला विचार.

आणि ते तिला आलं. दुसऱ्या वर्षी ती मंडळाची पहिली मुलगी अध्यक्ष झाली. चाळीस मुलांना घेऊन ती औरंगाबादच्या नोकरी मेळाव्याला गेली, एकालाही बस चुकू दिली नाही. पुण्यात राज्याचं संमेलन झालं तिथं सहाशे लोकांसमोर ती सात मिनिटं बोलली. काय बोलली ते आता तिला एक अक्षरही आठवत नव्हतं. आठवत होता तो ओठांजवळचा माईकचा थंडपणा, त्याच्या जाळीला येणारा लोखंडाचा आणि परक्या तोंडांचा वास, आणि बोलणं संपल्यावर टाळ्या सुरू होण्याआधीची ती एक घटका. सहाशे माणसं श्वास धरून आहेत आणि तो श्वास आपल्या हातात आहे. परतीच्या बसमध्ये तिला झोप आली नाही. तिला वाटत होतं, आता हे असंच असणार. पुढं इतकी वर्षं ती त्या एका घटकेकडं पाठ करून चालत राहिली होती. ती घटका पुन्हा समोर येईल असं समजत राहिली होती.

कारण नंतर काही झालं नाही. वाईट काही झालं असतं तर सांगता तरी आलं असतं. स्पर्धा परीक्षा तिनं तीनदा दिल्या, तिन्ही वेळा थोडक्यात राहिल्या. प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झाली. मुलाखतींमध्ये टेबलापलीकडची माणसं म्हणायची, तुमच्यात नेतृत्वगुण दिसतात हं, आणि नेमणूक दुसऱ्याची व्हायची. शेवटी याच कॉलेजात ती तासिका तत्त्वावर लागली. दरवर्षी जूनमध्ये अर्ज, मुलाखत, मार्चमध्ये सुट्टी, पुन्हा जूनमध्ये अर्ज. आवचार सरांच्या निरोप समारंभात खुर्च्या तिनंच मोजल्या. सर भाषणात म्हणाले, आमची पहिली मुलगी अध्यक्ष इथंच आहे, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं तेव्हा तिच्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. त्या चाळिसांतला एक जण पाथरीच्या रस्त्याला जीप चालवतो, एक जण बसस्टँडसमोर मोबाईलची कव्हरं विकतो. दिसली की ते आनंदानं हाक मारायचे, "ओ अध्यक्ष!" त्या हाकेत थट्टा नसायची, खरंखुरं प्रेम असायचं, आणि त्यामुळंच ती हल्ली एक गल्ली आधी वळायची. तिला कुणाच्या हाताखाली मुकाट काम करणं जमेना, आणि कुणाला हाताखाली घ्यावं असं तिच्याजवळ काही नव्हतं. आवचार सरांनी तिला एक अंगरखा शिवून दिला होता, पुढं अंग वाढेल या हिशोबानं मोठा. अंग वाढलंच नाही आणि आता तो अंगरखा काढताही येत नव्हता.

मंडळ तिच्याकडं आलं ते कायम नोकरीवाल्यांपैकी कुणाला ते नको होतं म्हणून. ऑगस्टमध्ये अध्यक्षपदाच्या मुलाखती झाल्या. तीन परीक्षक, प्रत्येकाकडं पंचवीस गुण. आधी हरिओम आला, शहरातल्याच हार्डवेअर दुकानदाराचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, मोकळा स्वभाव. नेतृत्व म्हणजे काय, असं विचारल्यावर त्यानं पुस्तकातली व्याख्या न अडखळता म्हटली. तिनं त्याला वीस दिले. मग राणी आली. हिरव्या ड्रेसवर कॉलेजचं ओळखपत्र, पायात प्लॅस्टिकची चप्पल, आणि बसा म्हटल्यावरही ती उभीच राहिली.

"सर, मला उभं राहूनच बोलता येतंय," ती म्हणाली. मग तोच प्रश्न आला. राणीनं थोडा वेळ खिडकीकडं पाहिलं. "आमी ऊसतोडीला जातो. बारा कोयत्यांची टोळी, म्हणजे नवराबायकोच्या बारा जोड्या. टोळीला मुकादम असतो, तो ट्रॅक्टर आणतो, कारखान्यावर बोलतो. पण रात्री सगळ्यांनी जेवल्यावर माझी आई जेवती. मी लहानपणी समजायचे की तिला भूक कमी हाय. मग कळलं की ती सगळ्यांचं बघून मग बसती. कुणाचं पीठ संपत आलंय, कुणाचं लेकरू तापलंय, कोण कुणाशी बोलंना, हे मुकादमाला म्हाईत नसतं, तिला असतं. उद्या कुठला फड आधी तोडायचा हे मुकादम सांगतो, पण तो सांगायच्या आधी तिच्याकडं बघतो. मला वाटतं, नेता म्हणजे ज्याला पीठ किती उरलंय ते म्हाईत असतं."

बाकीचे दोघं परीक्षक कौतुकानं हसले. विजयमालानं मात्र पेन खाली ठेवलं. बोलून झाल्यावर मुलगी थांबली होती आणि खोलीतल्या तिघांचे श्वास तिच्या हातात होते, आणि तिला ते कळलं होतं. अगदी पुसट, ओठांच्या कडेला, ते कळल्याची खूण उमटली होती. ती खूण विजयमाला ओळखत होती. तिनं बघितलं की ही मुलगी आता बाकावर चढणार, माईक धरणार, संमेलनाला जाणार, परतीच्या बसमध्ये जागी राहणार. आणि मग बारा वर्षं. तिनं पेन उचललं आणि चौदा लिहिले. हात अडखळला नाही, याचं तिला तेव्हाही नवल वाटलं. एकानं बावीस दिले होते, दुसऱ्यानं एकवीस. बेरीज सत्तावन्न. हरिओमची एकोणसाठ. विजयमालानं नुसते वीस दिले असते तरी राणी पुढं गेली असती.

त्या संध्याकाळी घरी ती पुष्कळ दिवसांनी हलकी होती. एका खोलीत ती आणि तिची आई भिवराबाई राहत. आई दारात बसून मेथी निवडत होती. विजयमाला तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आज एका पोरीला वाचवलं मी."

"कशातून?"

"माझ्यासारखं होण्यातून."

भिवराबाईनं एक जुडी पूर्ण निवडली, मग विचारलं, "तू काय वंगाळ झालीस गं? चार लोकांत बोलतीस. मला कोन इचारलं तर मी आजून सांगती, आमची पोरगी अध्यक्ष व्हती मनून."

"तेच तर," ती म्हणाली. आईला ते समजलं नाही आणि तिनंही फोड करून सांगितलं नाही. दया केली असं ती स्वतःला म्हणाली होती. दया हा शब्द तिला पुरला, अडीच महिने पुरला. आज फळ्यासमोर उभं राहून तो तिनं पुन्हा हातात घेतला तर तो पोकळ वाजत होता. त्या पुसट खुणेकडं बघताना आपल्याला जे झालं ते दयेसारखं होतं का? की आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या अंगावर दिसावी तसं झालं होतं?

तास संपल्यावर ती मंडळाच्या खोलीत गेली. खोली म्हणजे जिन्याखालची अरुंद जागा, एक टेबल, एक लोखंडी कपाट. अर्जांची फाईल कपाटातच होती. राणीचा अर्ज दोन पानी होता. पहिलं पान विजयमालानं मुलाखतीआधी वाचलेलं होतं, नाव, गाव, बारावीचे गुण. पान उलटलेलं नव्हतं. दुसऱ्या पानावर एकच प्रश्न होता, अध्यक्षपद आपणास का हवे आहे? बाकी सगळ्यांनी तिथं समाजाची सेवा, व्यक्तिमत्त्व विकास असं लिहिलेलं होतं. राणीनं निळ्या पेनानं, रेघ सोडून, लिहिलं होतं :

'अध्यक्षाला मंडळाची खोली सांभाळावी लागते म्हणून त्याला कमवा व शिका योजनेत घेतात आणि वसतिगृहात जागा देतात असे समजले. आमच्या घरचे सर्व दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मला राहायला जागा मिळाली तर मला ठेवून जातील, नाही मिळाली तर घेऊन जातील. वडिलांनी तसे कबूल केले आहे. मला मंडळाचे कामही आवडते. दोन्ही कारणे खरी आहेत.'

तिनं ते दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य लिहिताना मुलगी थांबली असणार, कारण तिथं शाईचा ठिपका मोठा होता. आपण पान उलटलं नव्हतं हे विसरण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी तिच्याकडं वेळ होता, चहा यायचा होता, फाईल समोर होती. मग तिला आठवलं की सप्टेंबरमध्ये हरिओम याच दारात उभा राहून हसत म्हणाला होता, "मॅडम, खोलीची किल्ली तुमच्याकडंच राहू द्या. मी दुकानातून येतो, मला कुठं बसायला टाईम हाय? आन् हॉस्टेलची जागा मला काय करायची, घर इथंच की." त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. वसतिगृहाची ती खाट तेव्हापासून रिकामी होती. तिनं ते ऐकलं होतं आणि किल्ली पर्समध्ये टाकली होती.

ती धावत महारुद्रकडं गेली. टीसी रद्द करता येते का? "येतंय की," तो म्हणाला, "आठ दिसांत अर्ज आला तर रद्द करतो मी. पन ऱ्हानार कुठं ती? हॉस्टेलची यादी तर वर गेली, रिकामी जागा कापली. आता पुढच्या सालापातुर काय न्हाई." आणि मग तिच्या चेहऱ्याकडं बघून हळू आवाजात, "जायचं असंल तर आजच जावा, मॅडम. दुपारून ट्रॅक्टर निघनार मनत व्हता तिचा बाप."

ताडकळसची बस अर्धी रिकामी होती. खिडकीबाहेर सोयाबीन काढून झालेली उघडी रानं, मधूनच कापसाचे पांढरे ठिपके, पुन्हा उघडी रानं. विजयमाला मांडीवर पर्स धरून बसली आणि तिचं डोकं सवयीनं कामाला लागलं. तीन मुद्दे. राणी, त्या दिवशी सगळ्यात चांगली तूच बोललीस. दुसरा, गुण मी कमी दिले, जाणूनबुजून दिले, चूक माझी आहे. तिसरा, टीसी रद्द होते, मी अर्ज लिहून आणलाय, सही कर. चौथा मुद्दा सांगू नकोस. पण चौथा मुद्दाच तर खरा होता. राहणार कुठं? आणि मग, कुठल्यातरी फाट्यावर बस थांबून पुन्हा सुटताना, तिला एकदम सुचलं. आपल्याकडं. आपली खोली आहे. आईला सोबत होईल. भिंतीकडं एक गादी मावते, मेच्या परीक्षेपर्यंत तर प्रश्न आहे. तिला इतकं बरं वाटलं की तिनं खिडकीची काच वर सरकवली आणि वारा तोंडावर घेतला. ती मुलगी दारात चपला काढते आहे, आईला मेथी निवडू लागते आहे, असं तिला स्पष्ट दिसलं. मग पुढचंही दिसायला लागलं. सकाळी चहा घेताना समोर ती, रात्री दिवा मालवताना समोर ती. तिच्या ओठांच्या कडेची ती खूण. कधीतरी ती म्हणणार, मॅडम, मला संमेलनाला जायचंय, भाषण ऐकता का? आणि आपण ऐकणार, रोज, या एवढ्या खोलीत. ताडकळस यायच्या आत विजयमालानं काच परत खाली ओढली होती. तिनं काही ठरवलं नव्हतं. ती कल्पना आपोआप लहान होत गेली होती, इतकंच.

वस्ती गावाबाहेर, ओढ्याला लागून होती. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. पिठाची पोती, पाण्याचं निळं पिंप, पालाच्या काठ्या, चटया, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वर चढत होतं आणि पुढच्या ट्रॉलीच्या फळीवर राणी उभी होती. तिच्या हातात मुकादमानं दिलेली नावांची यादी होती. ती एकेक कुटुंबाचं नाव घ्यायची, ते आपलं सामान आणायचं, ती जागा दाखवायची. "कोंबड्या मागं, पीठ पुढं. न्हाई मावशी, पिंप मधी नको, लेकरं बसतेत तिथं. म्हातारीला कडंला बसवू नका." तिचा आवाज वस्तीच्या पार टोकाला जात होता. मोठमोठे बाप्ये तिचं ऐकत होते आणि आपण ऐकतोय हे त्यांना कळतही नव्हतं. निम्मी यादी झाली होती तेव्हा तिला विजयमाला दिसली. ती फळीवरून उडी मारून आली, ओढणीनं तोंड पुसलं. "मॅडम? तुमी? आई, आमच्या कॉलेजच्या मॅडम आल्यात!"

तिची आई धुरपदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, वडील आश्रुबा डोक्यावरची टोपी सारखी करत आले. विजयमालाला बसायला त्यांनी चढवायच्या राहिलेल्या पोत्यावर चादर टाकली. ती बसली नाही. तिनं पर्समधून अर्ज काढला. टीसी रद्द करता येते, हुशार मुलगी आहे, वर्ष वाया जाईल, असं ती बोलत गेली. तिचा आवाज खालच्या पट्टीत, स्पष्ट, नजर समोरच्याच्या डोळ्यांत. आश्रुबानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर विरोध नव्हता.

"मला काय हौस हाय का मॅडम, पोरीला फडात न्यायची?" तो म्हणाला. "मी कबूलच केलतं तिला. पन तरनीताठी पोर एकली घरात ठिवून सहा म्हैने कसं जावं? आजून बी तुमी मनलात तर ठिवतो मागं. कुनाच्या जिम्मेदारीवर ठिवू, तेवढं एक सांगा."

धुरपदाबाई विजयमालाकडं बघत राहिली. तिच्या बघण्यात मागणं नव्हतं. घरोघरचं पीठ किती उरलंय ते बघण्याची तिला सवय होती, तसंच ती बघत होती. काय शिल्लक आहे ते तिला दिसलं असावं, कारण तिनंच आधी नजर काढून घेतली.

"मी प्राचार्यांशी बोलते," विजयमाला म्हणाली. "पुढच्या वर्षी वसतिगृहाचं नक्की बघू आपण."

"बघा," आश्रुबा म्हणाला. त्यानं अर्जाची घडी घालून तो तिला परत दिला, दोन्ही हातांनी, आणि दोर आवळायला गेला.

राणी तिच्यासोबत ओढ्याच्या कडेपर्यंत आली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन सुरू करून ठेवलं होतं. मग राणी म्हणाली, "मॅडम, एक इचारू का? मी त्या दिवशी नीट बोलले न्हवते का?"

पहिला मुद्दा. सगळ्यात चांगली तूच बोललीस. वाक्य तयार होतं, बसमध्ये दहादा घोळवलेलं होतं. विजयमालानं तोंड उघडलं आणि तिला त्याच्या पलीकडं उभं असलेलं 'मग?' दिसलं. मग दोन मार्क कमी का? आणि त्याच्याही पलीकडं आपली ती खोली, जी तासाभरापूर्वी बसमध्ये हिला देऊ करावीशी वाटली होती आणि अजूनही देता आली असती. खरं सांगितलं तर ते सगळं सांगावं लागलं असतं. मुलगी वाट बघत होती. तिच्या कपाळावर पिठाचा पांढरा पट्टा होता.

"चांगलंच बोललीस," विजयमाला म्हणाली. मग तिचा आवाज आपण होऊन मऊ झाला, माईकवरचा झाला. "पण थोडं कमी पडलं, राणी. आत्मविश्वास थोडा कमी पडला. सभेत बोलायचं म्हणजे... ते सरावानं येतं."

राणीनं मान हलवली. अविश्वासाचा लवलेशही तिच्या चेहऱ्यावर नव्हता. "मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "घरचं सांगायला नको पायजे व्हतं मी. पीठ-बीठ. तिथं तसं बोलत न्हाईत ना?" आणि ती हसली, लाजल्यासारखी. "बरं झालं सांगितलंत. कोनी सांगत न्हाई."

ती वाकून पाया पडली. विजयमालाला मागं सरकायचं होतं, पण मागं ओढा होता.

"राणे!" मुकादमानं हाक मारली. "आगं यादी ऱ्हायली की आर्धी! चल, वाच बिगी बिगी."

राणी ट्रॉलीपाशी गेली. फळीवर पाय ठेवला. मग कागद तिनं शेजारी दोर धरून उभ्या असलेल्या भावाच्या हातात दिला. "दादा, तू वाच," ती म्हणाली, इतक्या हळू की विजयमालाला ते ओठांवरून कळलं. तिचा हा भाऊ, भारत, पाचवीनंतर शाळेत गेला नव्हता. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला, एका नावाशी अडला, ते चुकीचं वाचलं, आणि ट्रॉलीतली माणसं हसली. मुकादमानं राणीकडं पाहिलं. ती आत जाऊन पोत्यांच्या मागं बसली होती, लहान लेकरांच्या रांगेत, आणि कुणाचंच नाव दुरुस्त करत नव्हती.